बाय फ्रायडे की अंटिल फ्रायडे? सारखे वाटणारे इंग्रजी शब्द तुम्ही कसे लक्षात ठेवता?

आसनगाव_स्लो:
नमस्कार मंडळी. आधी किस्सा सांगतो मग प्रश्न.

मी अंधेरीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, शाळा पूर्ण मराठी मिडीयम, इंग्रजी लिहायला वाचायला येतं, म्हणजे येतं असं मला गेल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं. आमचा क्लायंट मँचेस्टरचा. सोमवारी त्याने विचारलं की स्टॉकचे रिपोर्ट कधी मिळतील, मी बिनधास्त टाइप केलं, आय विल सेंड द रिपोर्ट्स अंटिल फ्रायडे. डोक्यात काय होतं, तर शुक्रवारपर्यंत पाठवतो. मंगळवारी संध्याकाळी त्याचा मेल, आजचा रिपोर्ट कुठाय. मी म्हटलं ह्याला एवढी काय घाई, शुक्रवार सांगितलाय ना, आणि घरी निघून गेलो. बुधवारी परत मेल, कालचा पण नाही आणि आजचा पण नाही, आणि ह्या वेळी सीसीमध्ये आमच्या टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, वरचा माणूस. गुरुवारी सकाळी घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभा असतानाच फोन आला, आल्या आल्या केबिनमध्ये ये.

तर त्या बिचाऱ्याने काय वाचलं होतं माहितीये का, की शुक्रवार उजाडेपर्यंत मी रोज एक रिपोर्ट पाठवत राहणार. बाय फ्रायडे लिहायचं होतं म्हणे. टीएल भला माणूस, ओरडला नाही, पण दुपारच्या मीटिंगमध्ये माझा मेल नाव झाकून स्क्रीनवर लावला आणि नाव झाकलं तरी सगळे माझ्याचकडे बघून हसत होते.

आता माझा प्रॉब्लेम असा की शाळेत अंटिल म्हणजे पर्यंत असंच पाठ केलंय. मग चुकलं कुठे? आणि हे एकच नाही, अफेक्ट इफेक्ट, एक ओवाला लूझ आणि दोन ओवाला लूज, सिन्स आणि फॉर, ऍडव्हाइस सीने की एसने, दर वेळी गूगल करतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. शंभर कन्फ्यूजिंग शब्दवाले व्हिडिओ ट्रेनमध्ये बघून झाले, ठाणे येईस्तोवर पहिले दहा विसरलेलो असतो. तुम्ही लोक कसं लक्षात ठेवता? व्याकरणाचं पुस्तक घे असं कृपया सांगू नका, दोन घेऊन ठेवलीत, एकावर सध्या राऊटर आहे.

भायखळ्याचा_भाऊ:
दोन ओवाला लूज म्हणजे लूज मोशनवाला. एकदा डोक्यात बसलं की जन्मात विसरणार नाहीस, मी नाही विसरलो. बाकीचं मोठी माणसं सांगतील.

आसनगाव_स्लो:
भावा जेवत होतो रे. पण लक्षात राहिलं हे खरं.

मालाडची_ट्रेनर:
मी नऊ वर्षं मालाडला कॉल सेंटरमध्ये नवीन पोरांना ट्रेनिंग दिलंय, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, चालवून घे.

तू म्हणतोस चुकलं कुठे, तर पाठ करतानाच चुकलं. मराठीतला पर्यंत हा एकटा दोन कामं करतो. दुकान शुक्रवारपर्यंत उघडं आहे, आणि पैसे शुक्रवारपर्यंत दे. दोन्हीकडे शब्द तोच पण गोष्ट वेगळी. पहिल्यात काहीतरी चालू राहतं आणि शुक्रवारी थांबतं, दुसऱ्यात एकदाच काहीतरी करायचं असतं आणि शुक्रवार ही शेवटची तारीख असते. इंग्रजीने ह्या दोघांना वेगळी नावं दिलीत, आपण नाही दिली, एवढंच. मी पोरांना सांगायचे की मनात मराठी वाक्य बोला आणि पर्यंतच्या पुढे एकदा सतत लावून बघा, एकदा कधीही लावून बघा. शुक्रवारपर्यंत सतत उघडं, बरोबर वाटलं, अंटिल. शुक्रवारपर्यंत कधीही दे, बरोबर वाटलं, बाय. तुझं वाक्य आता स्वतः तपासून बघ, तू कधीही पाठवणार होतास, सतत नाही.

ह्याच पर्यंतमध्ये अजून एक खड्डा आहे आणि त्यात आपण सगळे पडतो. मराठीत आपण म्हणतो गाडी थांबत नाही तोपर्यंत उतरू नका. हे तसंच्या तसं इंग्रजीत नेलं की होतं अंटिल द ट्रेन डझन्ट स्टॉप, म्हणजे अर्थ पार उलटा. तिकडे नाही फक्त एकदाच येतो, डोन्ट गेट डाउन अंटिल द ट्रेन स्टॉप्स. माझ्या बॅचमध्ये इंग्लिश मिडीयमची पोरं पण हे चुकायची, अंटिल आय डोन्ट गेट अ कन्फर्मेशन वगैरे, आणि त्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा तुझ्यापेक्षा जास्त पडायचा.

सिन्स आणि फॉरचं पण तेच दुखणं, आपल्याकडे दोघांना मिळून एक पासून. इथे एवढंच बघ की पासूनच्या आधी कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी जागा आहे का. २०२२ पासून, सोमवारपासून, लग्न झाल्यापासून, बोट ठेवता आलं तर सिन्स. आणि बोटांवर मोजायची गोष्ट असेल, दोन वर्षं, तीन तास, तर फॉर. म्हणून सिन्स टू इयर्स चुकीचं. आणि त्याच्यासोबत क्रियापद पण बदलतं बरं का, आपण म्हणतो मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय, म्हणून तोंडात येतं आय ऍम वर्किंग, ते आय हॅव बीन वर्किंग पाहिजे.

आता गंमत सांगते. काही ठिकाणी मराठीतच फरक ठेवलाय आणि तरी आपण चुकतो. रोज व्हिडिओ कॉलवर कोणीतरी विचारतं, कॅन यू लिसन मी? अरे, मराठीत तू कधी म्हणशील का, माझं ऐकतोस का? तू म्हणशील माझा आवाज ऐकू येतोय का. ऐकू येणं म्हणजे हिअर आणि कान देऊन ऐकणं म्हणजे लिसन. तसंच दिसणं म्हणजे सी आणि बघणं म्हणजे लुक किंवा वॉच. स्क्रीन दिसतेय का, मॅच बघतोयस का. आपल्याकडे आयती चावी आहे, पण इंग्रजी बोलताना आपण ती घरी विसरून येतो.

आसनगाव_स्लो:
ताई हे सतत आणि कधीहीचं भारी आहे, शाळेत असं कोणी सांगितलंच नाही. एक अडलं, मी शुक्रवारपर्यंत येणार नाही, इथे काय? कधीही पण नाही आणि सतत पण नाही.

मालाडची_ट्रेनर:
सततच. न येणं सतत चालू आहे, शुक्रवारी ते न येणं थांबतं. आय वोन्ट कम अंटिल फ्रायडे. छान प्रश्न विचारलास.

खिळे_जुळवणारा:
वडिलांचा गिरगावात छापखाना होता, मी तिथेच छपाईच्या अक्षरांचे खिळे वेचत मोठा झालो आणि पुढे प्रुफं तपासण्यात हयात गेली, मराठी पण आणि इंग्रजी पण. त्यामुळे माझं दुखणं स्पेलिंगचं.

अफेक्ट आणि इफेक्ट आपल्याला का जमत नाही त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आपण म्हणतो पावसाचा लोकलवर परिणाम झाला. म्हणजे आपल्याला परिणाम हे नाम घेऊनच बोलायची सवय, काम होणे ह्या क्रियापदाकडून करून घेतो. इंग्रजीत तोच परिणाम दोन वेशात फिरतो, नाम असला की ईवाला, क्रियापद असला की एवाला. आता औषधाच्या पाकिटावरचा साईड इफेक्ट सगळ्यांना माहीत असतो, तो नाम आहे आणि त्याचं पहिलं अक्षर ई, तिथून धरून चालायचं. आणि एवाल्या क्रियापदानंतर ऑन लावायचा नाही, आपला वर तिकडे न्यायचा नाही. रेन अफेक्टेड द लोकल्स, बस. ईवालासुद्धा कधीमधी क्रियापद होतो, बदल घडवून आणणे अशा अर्थाने, पण तो सरकारी कागदात भेटतो, तुझ्या मेलमध्ये भेटला तर मला कळव.

ऍडव्हाइसचं सांगतो. शेवटी सी असला तर सल्ला, एस असला तर सल्ला देणे. हा फरक कानाला कळतो, सीवाल्याचा शेवट स असा होतो आणि एसवाल्याचा झ असा. आपल्याला कान नाहीत असं नाही, जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, पण म्हणताना पहिला ज वेगळा आणि दुसरा वेगळा, हे घरातलं शेंबडं पोरसुद्धा बरोबर बोलतं. तुझा लूजचा घोळ असाच आहे, एक ओवाल्याचा शेवट झने होतो, दोन ओवाल्याचा सने. आपण दोन्ही एकसारखे लूज म्हणतो म्हणून लिहितानाही एकसारखे होतात. शिवाय मॅच हरलो आणि चावी हरवली दोन्हींना तिकडे तो एक ओवालाच. प्रॅक्टिसमध्ये मात्र कान उपयोगाचा नाही, उच्चार एकच. ब्रिटिश पद्धतीत नाम सीने आणि क्रियापद एसने, अमेरिकेत दोन्ही सीने. उलट लायसन्स अमेरिकेत दोन्ही एसने. ज्या देशात मेल जाणार तिकडचं लिही आणि एका कागदात खिचडी करू नको.

स्टेशनरीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे आमच्या गल्लीत एक झेरॉक्सवाला होता, त्याने मोठ्या हौसेने बोर्ड केला, त्यात स्टेशनरी एने लिहिलं, म्हणजे जागच्या जागी उभं असलेलं. वह्या पेनं असतात ती ईने, एन्व्हलपमधल्या ईने. मी त्याला सांगायला गेलो तर म्हणतो, काका, दुकान चालतच नाही, जागच्या जागी आहे, मग बोर्ड बरोबर आहे की. काय बोलणार. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच मुळाचे. जुन्या काळी युरोपात फेरीवाले गावोगाव हिंडायचे आणि पुस्तकं विकणारा एका जागी ठाण मांडून बसायचा म्हणून तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल तो स्टेशनरी. अब्दुल रहमान स्ट्रीटला वह्यांच्या गठ्ठ्यात ठाण मांडून बसलेला शेठ आठव, म्हणजे दोन्ही अर्थ एकत्र दिसतील.

चेंबूर_नाका:
माझा पण एक. इनफ्लेमेबल. इन लागला म्हणजे नाही, इनकरेक्ट इनकम्प्लीट तसं, म्हणून कितीतरी वर्षं मला वाटायचं की ह्या टँकरला आग लागत नाही, आणि माहुलच्या रिफायनऱ्यांचे टँकर आमच्या इथून रोज जातात, मी शाळेत असताना निवांत त्यांच्या बाजूने सायकल मारायचो. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोघांचा अर्थ एकच, पेट घेणारं. पेट न घेणारं म्हणजे नॉनफ्लेमेबल. कळलं तेव्हा घाम फुटला.

निवृत्त_बाई_दादर:
आसनगावच्या बाळा, तुझं पत्र वाचून मला माझे वर्ग आठवले. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मराठी शाळेतच. आणि कबूल करते, अंटिल म्हणजे पर्यंत असं फळ्यावर लिहिणाऱ्यांत मी पण होते. शब्दासमोर शब्द लिहिला की धडा लवकर संपतो ना.

आठवण ह्या एका शब्दाने माझी जितकी मुलं बुडवली तितकी कोणी नाही. आठवण असणे रिमेंबर, आठवण करून देणे रिमाइंड, आठवण येणे मिस. आपल्याकडे तिघींची आई एकच. माझ्या भाच्याने त्याच्या साहेबांना मेसेज केला, प्लीज रिमेंबर मी ऍट फाइव्ह ओक्लॉक. साहेबांनी विचारलं, पाच वाजता नेमकं काय करायचं, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं का? तेव्हापासून आमच्याकडे कोणी विसरलं की त्याला श्रद्धांजली वाहतात.

उसन्याचं तसंच. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर बॉरो, तिला उसनी दिली तर लेंड. आपण उसनं हा शब्द तोच ठेवतो आणि घेणे देणे बदलतो, म्हणून मुलं कॅन यू बॉरो मी युवर पेन म्हणतात. वाटी कुठल्या दारातून कुठे चाललीय एवढं डोळ्यासमोर आणायचं. माझ्या दारात येतेय, बॉरो. माझ्या दारातून निघाली, लेंड.

सांगणे आणि म्हणणे ह्याचा पण उपयोग करून घे. सांगितलं म्हटलं की कोणाला ते लागतंच, टेलला पण माणूस लागतो, ही टोल्ड मी. म्हणणेला माणूस नसला तरी चालतं, ही सेड. पण ही युक्ती मुंबईत चालत नाही, कारण इथे सांगितलं पण नाही आणि म्हणालो पण नाही, सगळ्यालाच बोललो. मी बोल्लो ना तुला. इथे माझी पुण्याची जाऊ असती तर तिने पुढचा अर्धा तास घेतला असता.

आणि एक जुनी गोष्ट सुचवते. मोल्सवर्थचा मराठी इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची, आपल्या मुंबईतच छापलेली. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फुकट बघता येतो. आपण नेहमी इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ बघतो, तिथे उलटं कर. आपला रोजचा मराठी शब्द काढ आणि त्याच्यासमोर किती वेगवेगळे इंग्रजी शब्द आलेत ते मोज. जिथे रांग लांब, तिथे तुझा मेल फसणार असं समजायचं. त्या कोशाच्या कामात मेजर कँडी पण होते, ज्यांना मराठीत विरामचिन्हं आणण्याचं श्रेय देतात, तेव्हा तुझ्या पत्रात एखादा पूर्णविराम वाढव बाळा, धाप लागली मला वाचताना.

आसनगाव_स्लो:
बाई सॉरी :) कोश उघडला, करणे काढून बसलोय, आता कळलं चूक केलीला डिड मिस्टेक का येतं तोंडात. चहा करतो ते मेक, होमवर्क करतो ते डू, आणि चूक मेकमध्ये. हे मात्र पाठच करावं लागणार बहुतेक, इथे सतत कधीही काही चालत नाही.

मालाडची_ट्रेनर:
हो, मेक आणि डूला युक्ती नाही, जोडीनेच पाठ करायचे. हातातून काहीतरी नवीन बनून निघालं तर मेक, असं सांगतात, पण मग मेक द बेड म्हणतात तेव्हा बेड रोज नवीन बनतो का.

नियमानुसार:
एवढी चर्चा झाली पण रोजच्या ऑफिसातल्या चुका कोणीच काढल्या नाहीत. प्लीज रिव्हर्ट. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे, उत्तर देणे नव्हे. प्रीपोन असा शब्दच नाही. आय पास्ड आउट इन २०१५ म्हणजे तुम्ही २०१५ साली बेशुद्ध पडलात. हे आधी बंद करा.

भायखळ्याचा_भाऊ:
इंजिनीअरिंगचा निकाल बघून मी खरंच पडलो होतो, तेव्हा माझं वाक्य बरोबर आहे.

खिळे_जुळवणारा:
नियमानुसार, थोडं सबुरीने. प्रीपोन आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे, तेव्हा शब्दच नाही असं म्हणता येणार नाही. आणि शब्द सोयीचाही आहे, पुढे ढकलायला पोस्टपोन आहे तर अलीकडे ओढायला नको का काही? पास आउट पण हवेतून आलेला नाही, लष्करात शिक्षण संपल्यावर पासिंग आउट परेड असते, खडकवासल्याला दर वर्षी होते, तिथे कोणी बेशुद्ध पडत नाही. हां, अमेरिकेतल्या माणसाला लिहिताना ग्रॅज्युएटेड लिहावं, उगाच त्याला काळजी नको. रिव्हर्टबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, मला स्वतःला तो कानात खुपतो, पण नरिमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत सगळे तोच लिहितात आणि सगळ्यांना कळतो, मग एकट्याने किती वेळा कपाळ बडवायचं.

नियमानुसार:
सगळे लिहितात म्हणून बरोबर होत नाही.

खिळे_जुळवणारा:
भाषेत तसंच होतं हो. फक्त वेळ लागतो आणि तोवर प्रुफं तपासणाऱ्याला शिव्या बसतात. खरा धोका दुसराच आहे, दोघांनाही शब्द माहीत असतो आणि अर्थ उलटे असतात. मीटिंगमध्ये विषय टेबल करूया असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो विषय आत्ता चर्चेला घ्यायचा, अमेरिकन म्हणाला तर आत्ता बाजूला ठेवायचा. दोघे एका कॉलवर असले तर मजा बघावी.

चेंबूर_नाका:
आमच्याकडे हॉटेलवरून झालं होतं. बाहेरच्या पाहुण्यांना म्हटलं लेट्स गो टू अ हॉटेल, ते म्हणाले आमचं बुकिंग आहे ऑलरेडी. मला डोसा खायचा होता फक्त.

माझा सहा वर्षांचा मुलगा शाळेत जाताना दारातून ओरडतो, मम्मी आय ऍम कमिंग. कारण घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे आजीने शिकवलंय. टीचरला काय सांगू आता.

निवृत्त_बाई_दादर:
काही सांगू नको. तो बरोबर बोलतोय, फक्त भाषा दुसरी वापरतोय.

आसनगाव_स्लो:
अपडेट देतो. कालच्या मेलमध्ये बाय वेन्सडे लिहिलं, पाठवायच्या आधी कधीही लावून बघितलं, सतत लावून बघितलं, मग बाजूच्या पोरीला पण दाखवलं, ती म्हणाली अरे चार शब्दांचा मेल आहे, पाठव आता. रिपोर्ट मंगळवारीच दिला. क्लायंटचं उत्तर आलं, थँक्स, लेट्स डू अ कॉल नेक्स्ट फ्रायडे.

आता मंडळी, आज बुधवार आहे. नेक्स्ट फ्रायडे म्हणजे परवाचा की त्याच्या पुढचा?

मालाडची_ट्रेनर:
ह्यावर त्यांच्यात्यांच्यात पण एकमत नाही. काही जण येत्या शुक्रवारला धिस फ्रायडे म्हणतात आणि त्याच्या पुढच्याला नेक्स्ट, काही जण येत्यालाच नेक्स्ट. अंदाज बांधू नको, तारीख विचार. डू यू मीन द फोर्टीन्थ, असं सरळ लिही, कोणाला राग येत नाही.

भायखळ्याचा_भाऊ:
आणि त्याने उलट विचारलं, की तुमच्याकडे एकच परवा दोन दिवस मागे पण चालतो आणि दोन दिवस पुढे पण, तुम्ही कसं ओळखता, तर काय सांगशील?

आसनगाव_स्लो:
सांगेन की गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येतेय ते बघून. तारीख विचारलीये त्याला, उत्तर आलं की टाकतो इथे. बाय टुमॉरो.